धोंडुबाईच्या हातचं

दसरा चौकामागच्या गल्लीत रोज दुपारी बारा वाजता अन्नपेढीची रांग लागते. मंगल कार्यालयांत उरलेला भात, आमटी, भाजी गाडीतून येते आणि धोंडुबाई ती ओगराळ्यानं वाढते. गोड बोलणं तिला ठाऊक नाही. कुणी "आई, थोडं जास्त घाल" म्हटलं की ती खेकसते, "आई घरात. ताट धर सरळ." फोटो काढायला आलेल्या मंडळींना तिनं एकदा "पावणं, भूक काय देखावा हाय व्हय?" असं विचारून गल्लीबाहेर घालवलं होतं. तरी तिच्या रांगेतून कुणी रिकाम्या ताटानं गेलेलं नव्हतं. तो तिचा हट्टच होता.

या हट्टाचं मूळ तिच्या सासरच्या गावी, नेसरीत होतं. बारा वर्षांपूर्वी तिची सासू घशाच्या दुखण्यानं गेली. शेवटी पाण्याचा घोटही उतरत नव्हता. पण बाराव्याच्या पंगतीत धाकटी जाऊ बायडाबाई सगळ्या भावकीसमोर उठली आणि म्हणाली, "हिनं सासूला उपाशी मारली." मग जोतिबाचा गुलाल कपाळाला लावून शपथ घेतली, की हिच्या हातचा घास खाल्ला तर माझा पोरगा राजवीर मरू दे. भावकीनं धोंडुबाईचं काही ऐकून घेतलं नाही. ती कोल्हापूरला आली ती परत गावाकडं फिरकली नाही.

आणि यंदाच्या वैशाखात, एका मंगळवारी, तीच बायडाबाई रांगेत उभी होती. नवरा गेलेला, राजवीर पुण्याला. गालाची हाडं वर आलेली. पुढं येऊन तिनं वाढणारीचं तोंड पाहिलं, ताट पदराखाली घेतलं आणि निघून गेली.

"बरी जिरली," धोंडुबाई मनात म्हणाली. तिला खरोखर आनंद झाला.

बुधवारी बायडाबाई पुन्हा आली. वाढायला दुसरं कुणी असेल, अशी आशा असावी. भांडी उतरवणारा आकाराम म्हणाला, "मावशी, तिला मी वाढतो की."

"ओगराळं माझ्या हातातनं सुटणार न्हाय. खायचं तर माझ्या हातचं खाईल."

बायडाबाई माघारी फिरली. त्या दुपारी धोंडुबाई स्वतः जेवायला बसली आणि घास तोंडात फिरू लागला. बारा वर्षं जो आळ खोटा म्हणून ती जळत होती, तो या दोन दिवसांत तिनं स्वतःच्या हातानं खरा केला होता. तिनं ताट सारलं आणि बायडाबाईला मनातल्या मनात वाट्टेल तशा शिव्या दिल्या.

गुरुवारी बायडाबाई भिंतीला धरून उभी होती. तिची पाळी आली तशी धोंडुबाई रांगेला ऐकू जाईल असं बोलली, "ज्या पोरासाठी शपथ सांभाळतीस, त्यो वर्षातनं एक फोन तरी करतोय का?"

"न्हाय करत, आक्का," बायडाबाई म्हणाली. "म्हणून काय त्याला मरू देऊ?"

रांगेतल्या कुणी भांड्याला हात लावायचा नाही, हा पेढीचा नियम धोंडुबाईनंच चार वर्षं दरडावून पाळायला लावला होता. तिनं ओगराळं भाताच्या पातेल्यात खोचलं आणि भांड्यापासून लांब झाली.

"घे तुझ्या हातानं. भाताला माझा हात लागलेला न्हाय. गाडीतनं आकारामनं उतरवलंय."

ती पाठ फिरवून उभी राहिली. रांगेतलं कुणी कुरकुरलं, त्याला तिनं नजरेनंच गप्प केलं. मागं ओगराळं एकदाच वाजलं आणि थांबलं.

"आणि घे की," ती मागं न बघता ओरडली. "एवढ्याशानं काय होतंय तुझं?"