शांततेसाठी धरलेलं मौन

तुम्हाला म्हणून सांगते, देवाला बोललेला नवस माझ्याच अंगाशी आला.

माझी लेक मुक्ता कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. यंदा तिने जोडीला ‘शांतता आणि संघर्ष’ हा मायनर विषय घेतला. थोडा इतिहास, थोडं राजकारण, थोडं मानसशास्त्र.

हे म्हणाले, “भांडणं शिकायला कॉलेज कशाला? तिला आपल्या सोसायटीच्या मीटिंगला बसव.”

मला मात्र विषय फार आवडला. तिला तो छान जमावा म्हणून श्रावणातले सोमवार दिवेलागणीपर्यंत मौन धरीन, असं महादेवाला बोलले. नवस सांगितला की फळत नाही, म्हणून घरातही सांगितला नाही. ह्यांनी तर बायको गप्प का, हे विचारलंसुद्धा नाही. मिळालेलं सुख कोण चौकशी करून घालवतो?

पहिल्याच सोमवारी लिफ्टपाशी समोरच्या शोभाताई भेटल्या. आदल्या दिवशीच मीटिंगमध्ये त्यांनी माझ्या चपलांच्या रॅकबद्दल तक्रार केली होती. रॅक खरंच वाटेत येत होतं, मला राग नव्हता.

“वहिनी, रागावलात का?”

आता बोलायचं कसं? मी हसून हात जोडले. म्हणजे, माफ करा, आज बोलता येत नाही. त्यांनी काय घेतलं? ‘बाई, तुमच्यापुढे हात टेकले.’

मंगळवारी त्यांच्याकडून माझा डबा परत आला. रिकामा. पंचवीस वर्षांच्या शेजारात त्यात निदान चार साखरेचे दाणे तरी असायचे. मग मीही फुगले. आता बोलायला मोकळी होते, तरी बोलले नाही. देवासाठी एक दिवस आणि हट्टासाठी सहा दिवस, असं माझं मौन सुरू झालं.

पुढच्या सोमवारी दुपारी मुक्ता वही घेऊन समोर बसली.

“आई, प्रोजेक्ट आहे. जवळचा एक संघर्ष निवडायचा, दोन्ही बाजू ऐकायच्या. शोभामावशींचं झालं. आता तू बोल.”

मी गप्प.

“दुसऱ्या पक्षाने चर्चेला नकार दिला, असं लिहू?”

मी जोरजोरात मान हलवली.

“अगं, मग बोल ना. उद्या नेहाची पहिली मंगळागौर आहे. तू येणार नाहीस म्हणून मावशी मघाशी रडल्या, यार.”

नेहा त्यांची लेक. माझ्या मांडीवर वाढलेली. मी उठले, महादेवाची मनात क्षमा मागितली आणि समोरची बेल वाजवली.

“शोभाताई, माझं मौन होतं हो.”

“ते दिसलंच आठवडाभर.”

“तसं नाही, नवसाचं होतं.”

“मग सांगायचं नाही?”

“मौनात कसं सांगू?” मी विचारलं. “आणि तुम्ही डबा रिकामा का पाठवलात?”

“लाडू ठेवले होते. तुम्ही परत पाठवाल या धास्तीने काढून घेतले.” मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “आत या. फुगड्या कोण घालणार उद्या, तुमचं रॅक?”

मुक्ताला वर्गात सर्वांत चांगले मार्क मिळाले. अहवालात तिने लिहिलं होतं, ‘संघर्षाचं कारण: दुसऱ्या पक्षाने शांततेसाठी केलेले प्रयत्न.’

महादेवाने मला कधीच माफ केलं असेल. शोभाताई मात्र अजून दर सोमवारी दारातून विचारतात, “आज बोलायचं ना हो?”

तुमचंही कुणाशी असं मौन चाललं असेल, तर माझं ऐका. उठा, आणि आजच मोडा.