पहिल्या इमारतीचा पैसा

मुलीला अमेरिकेतल्या एका जुन्या कॉलेजात प्रवेश मिळाला, त्या संध्याकाळी ऑफिसातून येताना मी सिंगापूरच्या लिटल इंडियात उतरून पेढे घेतले. बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती लॅपटॉपवर कॉलेजचा इतिहास वाचत बसली होती. मला वाचून दाखवू लागली. अठराव्या शतकात कॉलेज काढलं, तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. लॉटरी काढून झाली, चर्चमधून वर्गणी मागून झाली, तरी भिंती अर्ध्यावरच. मग तंबाखूच्या एका मळेवाल्याने आपले काही गुलाम देणगी म्हणून दिले. कॉलेजने ते विकले, आणि छप्पर चढलं.

"त्यांची नावं काय होती?" मी विचारलं.

"नावं नाहीत, बाबा. ओन्ली द डोनर, लाह," तिने इथल्या पोरांच्या ढंगात सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. गावाकडच्या आमच्या वस्तीतलं बुद्धविहार वर्गणीतून उभं राहिलं. ज्याने पंखा दिला, त्याचं नाव पंख्याच्या पात्यावर आहे. माझ्या आईकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून तिने विटा वाहिल्या, तर तिचंही नाव भिंतीवर रंगवलंय, पुढे 'श्रमदान' लिहून. आणि इथे माणसं विकून छप्पर घातलं, त्यांची नावं टिपून ठेवायचीही कुणाला गरज वाटली नाही!

"आणि त्या मळेवाल्याचं नाव कुठे लावलंय?"

तिने लॅपटॉप मिटला. मग हळूच म्हणाली, "मला मिळालेल्या हॉस्टेलला."

पेढे कुणी खाल्ले नाहीत. ऑगस्टमध्ये ती जाईल. तिला शेंगदाण्याची चटणी पाठवायची, तर पार्सलवर तिच्या नावाखाली, पत्त्यात, त्या मळेवाल्याचं नाव मला माझ्या हाताने लिहावं लागेल.