नीवेसची ओ

लिब्रादा माझी शेजारीण. मातान्सास शहरातल्या आमच्या नदीकाठच्या गल्लीत दिवसभर लोकांचे कपडे इस्त्री करायची आणि सगळ्या गल्लीला शिव्या घालायची. पण मयताचं गाणं म्हणावं तर तिनंच! आफ्रिकेतून गुलाम म्हणून बांधून आणलेल्या आमच्या पणज्यांचं ते गाणं. एकीनं हाक द्यायची, दुसरीनं ओ. ओ मिळाली नाही तर गेलेल्याला वाट सापडत नाही, असं आमच्यात मानतात. हाक लिब्रादाची, ओ तिच्या बहिणीची, नीवेसची.

आणि नीवेसच गेली. ओ द्यायला कुणी उरलं नाही, म्हणून सख्ख्या बहिणीला मुक्यानंच पुरलं. तेव्हापासून लिब्रादानं शिव्या देणंही सोडलं. इस्त्रीतले कोळसे विझून जायचे, तरी दाराकडे बघत बसायची.

"ती अजून उंबऱ्यातच उभी आहे गं, एनेइदा," मला म्हणायची.

मग हवानाहून ओडालिस आली, गाणी गोळा करणारी पोरगी. खांद्यावर टेपचं यंत्र.

"आजी, हे गाणं आपल्या सगळ्यांचं आहे. जपायला हवं."

"सगळ्यांचं? मग म्हण की तूच!" लिब्रादा फिस्सकन हसली. मग यंत्राकडे बघत राहिली. "हे ऐकलेलं परत बोलतं ना? आधी माझ्याच आवाजात ओ भरून घे. नंतर ती वाजव, मी हाक देते. सुटू दे बिचारी."

तसं केलं. आम्ही शेजारणी दारात जमलो. दुसऱ्याच कडव्याला म्हातारीला धाप लागली, आणि मेलं यंत्र पुढे निघून गेलं! नीवेस थांबायची, तिला श्वास घेऊ द्यायची.

"बंद कर ते." लिब्रादा आमच्याकडे वळली. "कुणाला येतं का गं?"

आम्ही सगळ्या त्याच पणज्यांच्या. पण शाळेत पोरं 'जंगली' म्हणतील म्हणून आमच्या आयांनी ही गाणी घरात येऊच दिली नव्हती. सगळ्यांच्या माना खाली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी तिनं एकटीनंच म्हटलं. हाक द्यायची, उंबऱ्यातून नीवेसच ओ देतेय असं तिच्या ओळीइतकं थांबायचं, मग पुढची हाक. ओडालिसनं ते सगळं भरून घेतलं.

"गेली," लिब्रादा म्हणाली, आणि माझा हात धरला. "माझ्या वेळी हाक हे यंत्र देईल. मध्ये जागा सोडल्यात मी. ओ कोण देणार गं?"

कपाळ माझं! मला त्यातली एकही ओळ येत नव्हती.