काकू आणि त्यांचे आयतोबा

कोणाचंही नाव निघालं की काकू खालचा ओठ पुढे काढत आणि म्हणत, "आयतोबा मेला!" तलाठी आयतोबा, भटजी आयतोबा. माझ्या नवऱ्याला तर आमच्या लग्नाची हळद उतरायच्या आत ही पदवी मिळाली होती.

श्रीवर्धनला आमच्या परसाला लागून त्यांची सुपारीची वाडी. सव्वीस-सत्तावीस साल असेल. काकू विधवा, मूलबाळ नाही, वाडीचं शिंपणं स्वतः करायच्या.

पाऊस सरला की पोफळींमध्ये पिवळ्या धाग्यांची मोठाली जाळी लागायची. तुम्हीही पाहिली असतील. मधोमध तळहाताएवढी काळी कोळीण, अंगावर पिवळे पट्टे. गडी काठीने जाळी मोडायला गेला की काकू त्याच्यावर खेकसत. एकदा त्यांनी मला जवळ नेऊन जाळ्याच्या कडेचा तांबूस ठिपका दाखवला.

"पिल्लू का हो तिचं?"

"नवरा गो तो! जाळं तिनं विणायचं, किडा तिनं मारायचा, आणि हा उष्टं खातो. तेसुद्धा चोरून. तिला भूक लागली तर त्यालाच खाईल, ही भीती."

मी हसले. काकू हसल्या नाहीत.

दर दिवाळीला त्यांचे धाकटे दीर अलिबागहून यायचे. कचेरीत साधे कारकून, पण इथे ओटीवर बसायचे ते मामलेदाराच्या ऐटीत. भरपेट जेवायचे आणि जाताना सुपारीचं पोतं न्यायचे. त्या वर्षी म्हणाले, "वहिनी, वाडीला वारस नको? आमचा धाकटा दत्तक घ्या."

"एकाला पोसते आहे तेवढं पुरे, भाऊजी."

सकाळी उठून दिरांनी छत्रीने ते जाळं फाडलं. केवढा पराक्रम! काकूंनी बांधलेलं पोतं परत आत ठेवायला लावलं आणि त्यांना रिकाम्या हाताने बोटीवर धाडलं.

कोळीण मेली नव्हती. अंड्यांनी टम्म फुगलेली ती जमिनीवर उतरली. एका पोफळीच्या मुळाशी तिने खळगा केला, अंडी घातली, त्यांवर पिवळं सूत पसरलं आणि माती-पाचोळा लोटला. काकू उकिडव्या बसून बघत होत्या. थोड्या दिवसांनी कोळीण मेली. गड्याची कुदळ लागू नये म्हणून काकूंनी खळग्यावर फुटकी टोपली पालथी घातली.

"पिल्लं पावसाच्या तोंडावर निघतील. आईला काही दिसायची नाहीत." मग टोपलीकडे बघतच म्हणाल्या, "मला एक मुलगी झाली होती. बारसंही झालं नाही. ती गेली तेव्हा हे मेजवानीला गेलेले. आले ते ढेकर देत."

पिल्लं निघाली त्या सकाळी काकूंनी मला कुंपणावरून हाक मारली. मोहरीएवढे जीव धाग्याला लोंबकळून वाऱ्याबरोबर वाडीभर पांगत होते. एरवी काहीतरी लागट बोलल्या असत्या. त्या दिवशी नुसत्या वर बघत राहिल्या.

पुढच्या माघात त्या तापाने अंथरुणाला खिळल्या. दीर लगोलग मुलगा आणि भटजी घेऊन हजर. अख्खी आळी जमली. मुलाला उशाशी बसवून दीर डोळ्यांना उपरणं लावत म्हणाले, "वहिनी, नुसती मान हलवा हो." उपरणं कोरडं होतं.

काकूंनी मला पाण्याची खूण केली. मी घोटभर पाणी पाजलं. त्या पोराच्या गालावरून त्यांनी एकदा हात फिरवला, दिराकडे नीट बघितलं आणि कष्टाने भिंतीकडे वळल्या.

दिरांनी किती हाका मारल्या! त्या कुशीवरून काकू परत वळल्या नाहीत.