हिरडीच्या रंगाची दुर्बीण

माझा मामा कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे त्याच्याकडे पाठवतात आणि मामा प्लास्टर, मेण आणि गुलाबी प्लास्टिक यांच्याशी झटापट करून त्या जबड्यांना पुन्हा चावण्याजोगं करतो. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो बसतो. तिथे फळीवर प्लास्टरचे जबडे आ वासून ओळीने मांडलेले असतात आणि मधोमध मामाचा चहाचा कप. रस्त्यात कोणी हसलं की मामा माणसाच्या आधी दात ओळखतो. एकदा बँकेच्या रांगेत त्याने पुढच्या बाईंना विचारलं, "काय, नीट बसतेय ना आता?" बाई तिथून जी तडक निघाल्या त्या पैसे न काढताच.

अशा माणसाच्या डोक्यात दुर्बीण शिरली ती एका शाळेच्या मैदानात. कुणीतरी लोकांना चंद्र दाखवत होतं. मामा सहज रांगेत उभा राहिला. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. त्याचा नंबर आला, त्याने डोळा लावला आणि नेमका ढग आडवा आला. दाखवणारा म्हणाला, "चला, पुढचे." मामा घरी आला तो वेगळाच.

"काय दिसलं?" मामीने विचारलं.

"ढग," मामा म्हणाला. "पण काय ढग होता गं! ढग असा, तर चंद्र कसा असेल?"

मामीला वाटलं, उतरेल भूत. पण ते उतरलं नाही. चार दिवसांनी तीच म्हणाली, "अहो, दुकानात तयार मिळते की. घेऊन या एखादी."

हे ऐकून मामाच्या अंगाचा तिळपापड झाला. "तयार? अगं, तयार कवळी कोणी तोंडात घालतं का? आपल्या डोळ्याच्या मापाची हवी!"

अशी मापाची दुर्बीण करणारा माणूस सापडलासुद्धा. शेजारच्या गावात एक गृहस्थ स्वतः काच घासून आरसे करत आणि गिऱ्हाइकाच्या मापाने दुर्बिणी बांधून देत. सगळे त्यांना दुर्बीणवालेच म्हणत. मामा त्यांच्याकडे गेला तेव्हा ते एका पिंपाभोवती गोल गोल फिरत होते आणि पिंपावर ठेवलेली काच दुसऱ्या काचेने घासत होते. मामा बोलायला लागला तरी ते थांबले नाहीत, म्हणून मामाही त्यांच्या मागून पिंपाभोवती फिरू लागला.

"काय बघायचंय?" त्यांनी विचारलं.

"आकाश."

"ते फार मोठं आहे. त्यातलं काय?"

मामा गडबडला. "चंद्र. आणि शनी. कडी दिसायला हवीत."

"कडं," दुर्बीणवाले म्हणाले आणि आणखी एक फेरी मारली. मग समजावून सांगितलं: नळीच्या तळाशी खोलगट आरसा बसवायचा. नळीचं वरचं तोंड उघडं राहणार. डोळा लावायची जागा वरच्या टोकाजवळ, बाजूला. नळी सरळ आभाळाकडे केली की ती जागा सर्वांत उंच जाते. "तेव्हा तुमचा डोळा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून कळवा. त्याप्रमाणे स्टँड करतो. रंगही कळवा. आणि घाई करायची नाही."

इथेच खरा घोळ झाला. मामा बुटका आहे, मामी ताडमाड. संध्याकाळी दोघं भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मामाने दोघांच्या डोळ्यांच्या रेषेत मेणाचे ठिपके लावले. दोन ठिपक्यांमध्ये चांगलं वीतभर अंतर.

"तुमचंच माप द्या, तुमची हौस आहे," मामी म्हणाली.

"छे, छे. तुलाही दिसायला हवं."

"मग माझं द्या. तुम्ही स्टुलावर चढा."

"स्वतःच्या दुर्बिणीला स्टूल?"

शेवटी मामाने दोन ठिपक्यांच्या बरोबर मधला बिंदू काढला आणि तो कळवला. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"ही उंची कोणाची?"

"दोघांची."

"दोघांची एकच उंची आहे?"

"नाही, सरासरी काढली."

 मग दुर्बीणवाले म्हणाले, "बरं. संसार तुमचा आहे."

रंगाचं तर विचारूच नका. मामाला रंगांची नावं येत नाहीत. त्याच्या डोळ्यांसमोर आयुष्यभर एकच रंग राहिला आहे, तोच त्याला सुंदर वाटतो आणि त्याचा नमुनाही त्याच्याकडे असतो. त्याने पाकिटात घालून कवळीच्या गुलाबी हिरडीचा तुकडा पाठवून दिला.

मग वाट बघणं सुरू झालं. मामाचं कामात लक्ष लागेना. त्याच दिवसांत आमच्याच इमारतीत खाली राहणाऱ्या बँडमास्तरांची कवळी त्याच्याकडे आली होती. बँडमास्तर निवृत्त असले तरी आवाज बँडाचाच. कवळी घातल्या घातल्या ते म्हणाले, "जरा सैल वाटतेय हो." एरवी मामाने तीन वेळा ती घासूनपुसून पाहिली असती. पण त्या दिवशी दुर्बीणवाल्यांचा निरोप आला होता की आरशाला चकाकी चढली. मामा म्हणाला, "बसेल, बसेल. तोंडाला सवय होऊ द्या," आणि गाडी ठरवायला पळाला.

दुर्बीण आली. ब्लँकेट काढलं तेव्हा जिन्यात जमलेली मंडळी दोन पायऱ्या मागे सरली. माणसाच्या कमरेहून जाड नसेल, पण लांबलचक, गोल आणि हिरडीसारखी ओली-गुलाबी चकाकणारी नळी. तोंड उघडं, आत काळाकुट्ट अंधार.

"यातून आकाश बघायचं की याचा घसा तपासायचा?" मामी म्हणाली.

दुर्बीण गच्चीवर चढवली. ऊन होतं, म्हणून मामाने लांबच्या पाण्याच्या टाकीवर रोखून मामीला पहिला मान दिला. मामी गुडघे वाकवून, एका हाताने कंबर धरून बघायला लागली.

"अहो, टाकी उलटी आहे."

मामानेही वाकून पाहिलं. खरंच उलटी. त्याने घाबरून फोन लावला.

"अशीच दिसते," दुर्बीणवाले म्हणाले. "आकाशाला वर-खाली नसतं. टाक्या बघायच्या असतील तर शीर्षासन करा."

संध्याकाळी सगळी इमारत गच्चीवर आली. चंद्र अजून समोरच्या इमारतीमागे होता, तोवर नळी सरळ उभी करून ठेवली होती. बँडमास्तरांना कुठे डोळा लावायचा ते कळलं नाही. ते खुर्चीवर चढले आणि उघड्या तोंडातूनच आत डोकावले. तळाच्या खोलगट आरशात त्यांना स्वतःचं नाक दिसलं, भोपळ्याएवढं. "अबब!" म्हणून त्यांनी जो आ केला तो नडला. टप्पकन आवाज आला.

"फडले!" बँडमास्तर ओरडले. "आफ फडले!"

"काय दिसलं? काय दिसलं?" लोक पुढे सरसावले.

"दाफ!"

"हा कुठला ग्रह?" मागून एका आजोबांनी विचारलं.

मामाला मात्र लगेच कळलं. त्याने टॉर्च घेऊन आत पाहिलं. नळीच्या तळाशी, चकचकीत आरशावर बँडमास्तरांची वरची कवळी बसली होती आणि आरशातली तिची जुळी बहीण तिच्याकडे बघून हसत होती. मामाचं तोंड काळवंडलं. आरशाचं दुःख होतंच, पण आपण केलेली कवळी चारचौघांत पडली, हे त्याच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं.

फोन मामीनेच केला. "आत दात पडलेत."

"कोणाचे?"

"बँडमास्तरांचे."

"लागलं का त्यांना?"

"ते बरे आहेत. दात आत आहेत."

"नळी हलवू नका. हात घालू नका. उद्या येतो."

त्या संध्याकाळी चंद्र इमारतीमागून वर आला, पण त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. टॉर्च घेऊन लोक आळीपाळीने खुर्चीवर चढत होते आणि दात बघून तृप्त होऊन उतरत होते. पलीकडच्या इमारतीतूनही माणसं आली. बँडमास्तर नळीशेजारी तोंडावर रुमाल धरून बसले होते आणि प्रत्येकाला बजावत होते, "फक्त फघायचं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी दुर्बीणवाले आले. रंगाकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि मान फिरवली. तळाचे स्क्रू काढून आरसा बाहेर घेतला, कवळी उचलली आणि आरसा उन्हात तिरका धरला. त्यावर नखाएवढा ओरखडा होता.

"सुळा लागला," ते म्हणाले. "चंद्राला कळायचं नाही." मग कवळी उलटसुलट करून पाहिली. "पॉलिश छान आहे. कोणी केली?"

मामा खाली बघत म्हणाला, "मीच. पण घाईत केली."

दुर्बीणवाल्यांनी ती त्याच्या हातात ठेवली. मामा तसाच बँडमास्तरांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेला. नवा ठसा घेतला, नवी कवळी केली, आणि बँडमास्तरांनी तिच्यासकट तुतारी वाजवून दाखवली तेव्हाच त्यांना सोडलं. इतके दिवस दुर्बीण चादर पांघरून पडून होती.

मग एका संध्याकाळी दिवेलागणीला शनी डोक्यावर आलेला होता. मामा टाचा उंचावून उभा राहिला, पाय थरथरत होते, त्याबरोबर नळीही थरथरत होती.  मग हळूच म्हणाला, "अगं, आहे. कडं आहे."

मामी वाकली. पाहिलं. सरळ झाली. पुन्हा वाकली.

"हे चित्र चिकटवलंय," ती म्हणाली.

"काय?"

"एवढा नेटका शनी असतो का कुठे? त्या माणसाने आत चित्र चिकटवलंय. थांबा, मी बघते." आणि खात्री करून घ्यायला तिने नळीला एक सणसणीत थाप मारली.

मामा झडप घालून डोळा लावून पाहायला लागला. "गेला!"

"कुठे गेला?"

"अगं, आत्ता इथे होता!"

"म्हणजे खराच होता," मामी म्हणाली आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "शोधा ना मग. मला अजून नीट बघायचाय."

मामा नळी डावीकडे सारू लागला, मामी उजवीकडे. आकाशात शनी होता तिथेच होता, नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. पण त्या दोघांना वर बघायला सवड नव्हती.