पदरात बांधलेली गोळी

प्रवास असला की आई रक्तदाबासाठीची लघवीची गोळी घेत नाही. पदराच्या टोकाला बांधून ठेवते. एसटी मध्येच कुठे थांबणार? काल आम्ही बाबांना तपासणीला नेलं. त्यांना तोंडाचा कॅन्सर आहे. बोलता बोलता डॉक्टर म्हणाले, "लघवीच्या एका साध्या गोळीचा अशा कॅन्सरवर उपयोग होईल का, यावर संशोधन चाललंय. अजून सिद्ध काहीच नाही."

शेवटचं वाक्य आईने ऐकलंच नाही. गाठ सोडून तिने गोळी बाबांपुढे धरली.

"अहो आजी, थांबा!" डॉक्टर ओरडले.

मी बाबांकडे वळलो. माणसाच्या आशेला एवढीशी जागा पुरते? दुधाच्या चमच्यालाही तोंड फिरवणाऱ्या बाबांनी चक्क आ केला होता.