एकदाच विचारतात

पुण्यात सालसा हा जोडीनं करायचा नाच शिकायला मी तीन महिने घातले. गॅसवर कुकर ठेवून आरशासमोर एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. चारला आणि आठला थांबायचं असतं; माझ्यासारख्या उतावीळ बाईला तेच जड गेलं. मग रविवारी दुपारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये सालसा नाचणारी मंडळी जमत, तिथं जाऊ लागले. कुणीही कुणालाही विचारायचं, एका गाण्यापुरतं नाचायचं आणि मोकळं व्हायचं. मला खूप नाचायचं होतं. त्यासाठी नवे बूटही घेतले होते.

पहिल्याच रविवारी एकानं हात पुढे करून विचारलं. मी म्हटलं, "नको नको, राहू द्या." तो हसला आणि निघून गेला.

मी त्याच्या पाठीकडे बघतच राहिले. आमच्या भोकरदनला पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. चहासुद्धा 'आत्ताच झाला' म्हणून नाकारायचा, समोरच्यानं शपथ घालायची, मग 'अर्धाच' म्हणत पूर्ण कप प्यायचा. इथं एका 'नको'वर माणूस माघारी. बाईचा नकार ऐकतात, हे चांगलंच. पण माझा नकार खरा नव्हता ना! तरी पुढचा आला की तोंडातून तेच निघायचं. चार रविवार मी लोकांच्या पर्सा आणि पाण्याच्या बाटल्या राखत बसले. राग यायचा, रडूही यायचं.

पाचव्या रविवारी मी असंच एकाला परतवलं. शेजारी पांढऱ्या मिशांचे एक काका बसले होते. त्यांनी माझं गाव विचारलं. ते स्वतः आमच्याच जिल्ह्यातल्या वाटूरचे निघाले.

"वाटलंच," ते म्हणाले. "पुण्यात नवा होतो तवा मी बी असाच नको नको करत उपाशी बसल्तो. इथं आग्रह करत न्हाईत, बाई. एकदाच विचारतेत." मग उठून त्यांनी हात पुढं केला. "येता का?"

'नको' अगदी ओठावर आलं होतं. ते गिळून मी उठले. दोनदा त्यांच्या पायावर पाय दिला, चारला थांबले नाही, आठलाही नाही. त्यानंतर त्या दुपारी मी खाली बसलेच नाही.

होळीला गावाकडं, घनसावंगीला मावशीकडं जेवायला गेले. तिनं पुरणपोळी पुढं करून वाढू का विचारलं. मी म्हटलं, "वाढ."

मावशीचा हात तसाच वर राहिला. "काय गं," ती म्हणाली, "पुण्यात उपाशी राह्यलीस का?"

"राह्यले," मी म्हटलं. "चार रविवार."